गिळताना अडतं का?

— नाही, बोलायचा प्रयत्न करू नका साहेब, ती प्लास्टिकची कडी दातांत घट्ट बसलीय आणि घशावर स्प्रे मारलाय, आता तुमच्या तोंडून फक्त लाळ येणार, ती पुसायला मी आहेच. डाव्या कुशीवरच राहा. गुडघे जरा पोटाशी — हां, असे. मॅडमना आयसीयूतून बोलावणं आलंय, दहा मिनिटांत येतील, मग नळी घालतील. तोवर आपण दोघंच. किती बरं वाटतंय म्हणून सांगू. सहा वर्षं मी या खोलीत तुमच्या हाताखाली नळ्या धुतोय, पण सलग दोन वाक्यं काही तुमच्याशी बोलायला मिळाली नाहीत. पहिलं सुरू झालं की तुम्ही म्हणायचात, "पुढे." आज मात्र तुम्हाला ऐकावंच लागणार, हाताला सलाइन आहे, पळणार कुठे.

तर पद्धत ठरवू. उजवा हात मोकळा आहे तुमचा. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. माझी आई आठवते? — एक. आठवायलाच हवी, याच गादीवर होती, याच कुशीवर, मागच्या वर्षी. तिचंही तुमच्यासारखंच, ठोके भरकटलेले, शॉक देऊन ताळ्यावर आणायचे, पण त्याआधी हृदयात गुठळी नाही ना ते घशातून नळी घालून बघायचं. साधी तपासणी. तुम्हीच म्हणालात, साधी. नळी अडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजी, गिळा." आजी. बासष्ट वर्षांची बाई, तुमच्याहून चार वर्षांनी लहान. ती गिळत होती साहेब, जीव खाऊन गिळत होती, नळीच जात नव्हती. मी म्हटलं, साहेब, अडतंय. तुम्ही म्हणालात — हो, तेच, "पुढे" — आणि ढकललीत. मग नळी गेली. कुठून गेली ते नंतर कळलं.

नळी मीच धुतली. टोकाला रक्त होतं. दाखवलं, तर ओरखडा असेल म्हणालात. दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं, गॅस म्हणालात. संध्याकाळी मान सुजली, दाबली की आत कुरकुर वाजायचं, टीव्हीच्या खोक्यात ते फुगेवालं प्लास्टिक येतं ना, तसं — हवा, साहेब, कातडीखाली हवा. अन्ननलिकेला भोक पडलंय हे शिकाऊ पोरालाही कळलं असतं. लगेच स्कॅन करायचा, तोंडाने थेंब द्यायचा नाही, अँटिबायोटिक सुरू करायचं, सर्जनला बोलवायचं. तुम्ही काय लिहिलंत? कोमट पाणी प्या. आई शहाणी बाई, डॉक्टरांचा शब्द मोडत नाही, दोन ग्लास प्यायली. सगळं छातीत. सर्जन आले ते दुसऱ्या दिवशी, वीस तासांनी. छाती उघडून धुतली आणि मला म्हणाले, कालच सांगितलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. मग एक्केचाळीस दिवस आईच्या तोंडात पाणी नाही. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ पांढरं काहीतरी, दर तीन तासांनी, मीच द्यायचो. ती विचारायची, आज काय केलंयस जेवायला? मी सांगायचो, पांढरं. — हसू नका, ठसका लागेल. हसत नाही आहात? बरं. आता घरी असते ती. जेवते, पण जेवताना मला खोलीबाहेर पाठवते. का, ते काही सांगत नाही.

मग चौकशी. पाच जण, एक टेबल, बिस्किटं. तुम्ही एकच कागद काढलात, आईचा फॉर्म. सातवा प्रश्न, गिळताना अडतं का? पुढे लिहिलेलं, नाही. खाली सही माझी. फॉर्म तुम्हीच माझ्याकडे सरकवला होतात, तुझीच आई ना, तूच भर. खरं तर तुम्ही विचारायचं असतं, तिला, समोर बसून, नियम आहे तसा. पण नियमाला कोण विचारतो, कागद समोर होता. त्यांनी बिस्किटं संपवली आणि लिहिलं, नातेवाइकांनी माहिती दडवली.

आता आजचा फॉर्म. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसणार नाही, मीच वाचतो. गिळताना अडतं का — नाही. अक्षर तुमचं, सही तुमची, सुरेख. फक्त एक आहे साहेब. तीन महिने मी कँटीनमध्ये तुमच्या समोरच्या टेबलावर बसतोय. लोक जेवताना टीव्ही बघतात, मी तुमचा घसा बघतो. आधी तुम्ही घासागणिक पाणी प्यायला लागलात. मग सफरचंद बंद, केळं सुरू. मग छातीवर मूठ मारून घास खाली ढकलायचा, आणि कोणी बघितलं तर जणू खिशातलं पेन शोधताय. तारखेनिशी लिहून ठेवलंय मी. आणि म्हटलं, वा. आपल्याला काही करायचंच नाही. सुरा नको, विष नको, नुसतं गप्प बसायचं. मॅडम नवीन आहेत, तुमची सही बघून तुम्हालाच परत विचारायची त्यांची काय टाप? नळी अडेल. त्या ढकलतील, शिकवलंय कोणी त्यांना? आणि चौकशीत कागद निघेल. बिस्किटं मी आणीन.

तर, बोट दाखवा. गिळताना अडतं का? — दोन. शाबास. मॉनिटरवर ठोके एकशे चाळीस झालेत, पण बोटं दोनच. परत विचारतो. — परत दोन. कमाल आहे, भोक पडलं तरी चालेल पण मोठेपणा जाता कामा नये. तुम्हा लोकांचं हेच. आमच्या आईचंही तेच, तपासणीच्या आधी रोज सकाळी पाव चहात बुडवून बुडवून लगदा करायची आणि तो जवळजवळ प्यायची, घोट घोट, मी समोर बसलेलो, म्हणायचो, आई, दात बसवून घे एकदा, ती म्हणायची, दात शाबूत आहेत रे, आणि मी परत मोबाईलमध्ये — जाऊ दे, तो विषय नाही. कुठे होतो आपण? बोट. — एक? नीट दाखवा, दुसरं दुमडलेलं तर नाही ना. एकच. म्हणजे अडतं.

आता हे पेन घ्या, आणि हा आईच्या फॉर्मचा झेरॉक्स, मागची बाजू कोरी आहे. लिहा, मी विचारलं नव्हतं. तीन शब्द आणि सही. ते झाल्याशिवाय मी मॅडमना काही सांगणार नाही, आणि लिफ्टचा आवाज आलाय, तेव्हा लवकर. केमिस्टला कळेल असं नको, मला कळेल असं लिहा. — झालं? अजून काय लिहिताय, तीनच सांगितले होते. द्या इकडे. "मी विचारलं नव्हतं." सही. आणि हे खाली काय खरडलंय, वाकडंतिकडं — "तुला... तर... दिसत होतं."

पावाचं मी आत्ता बोललो ना.

या मॅडम. — तयारी आहे सगळी, पण आज नळी नको. साहेबांना गिळताना अडतं. — हो, फॉर्मवर नाही लिहिलंय, माहितीय मला. — सांगायला कशाला पाहिजे कोणी? मी समोर बसतो त्यांच्या, रोज. आधी अन्ननलिका तपासून घ्या, मग ठरवा.

तोंड उघडा साहेब, कडी काढतो. — नाही, आता काही बोलू नका. तो कागद माझ्याकडेच राहू दे, दोन्ही ओळींसकट. उतरा हळू, बाहेर बाकावर बसा. तासभर काही खायचं-प्यायचं नाही, घसा बधिर आहे, पाणीसुद्धा नाही. — सकाळपासून उपाशी आहात, भूक लागली असेल. लागू दे.