नळाखाली सासरे

...आणि वर मलाच म्हणतात, "सूनबाई, किती आरडाओरडा करतेस!" आरडाओरडा? अहो, सासरे अ‍ॅसिडच्या कॅनला खेटून स्टोव्ह पेटवतायत, तेव्हा काय मी अंगाई गाऊ? थांबा, नीट सांगते तुम्हाला. कापड रंगवायच्या कारखान्यात मी सेफ्टी सुपरवायझर, आणि माझे सासरे तिथलेच मुख्य रंगारी. घरी त्यांनी सांगायचं नि मी ऐकायचं, कारखान्यात मी सांगायचं नि त्यांनी ऐकायचं... असं कंपनीचं म्हणणं. सासऱ्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही!

रंगाला आम्हाला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतं. व्हिनेगरमध्ये असतं ना, तेच. पण व्हिनेगरमध्ये ते नावापुरतं नि बाकी सगळं पाणी, आमच्याकडे येतं ते निखळ! कातडीवर पडलं तर फोड, डोळ्यात गेलं तर डोळाच जायचा. हे मी भिंतीवर लिहिलं, घसा फोडून सांगितलं. सासऱ्यांचं आपलं एकच पालुपद, "अगं, व्हिनेगरच तर आहे!"

परवा सकाळी थंडी मरणाची. आता हे अ‍ॅसिड सोळा-सतरा अंशांच्या खाली गेलं की गोठतं, चक्क बर्फासारखं, स्वभावच त्याचा! सासऱ्यांनी कॅन हलवला, आतून हूं नाही की चूं नाही, लगेच आणला स्टोव्ह. मी किंचाळले, "बाबा, याची वाफ पेट घेते!" तर म्हणतात, "व्हिनेगर कधी पेटलेलं पाहिलंयस?" शेवटी मीच स्टोव्ह विझवला, झाकण जरा सैल केलं, कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवला, वितळलं मुकाट्यानं. म्हटलं, आता बादलीत आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, हळूहळू, आणि डोळ्यांना गॉगल. एवढं सांगून वळते न वळते तोच... "आई गं!"

बाबांनी आधी अ‍ॅसिड ओतलं आणि वरून पाण्याचा मग, उंचावरून, धबाक! शिंतोडा थेट डोळ्यात. धरली कॉलर, हो, सासऱ्यांची कॉलर, आणि डोकं नळाखाली! चांगली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, पापणी उघडी धरून. ते ओरडतायत "मेलो!", मी ओरडतेय "डोळा उघडा!", मध्येच पाण्यातून आवाज, "व्हिनेगरच तर... गुळगुळ..." आणि दारात ही गर्दी! पॅकिंगच्या मावशी म्हणतात, "बाई बाई, किती वर्षांचा राग गं हा!" वॉचमननं तर माझ्या नवऱ्याला फोन लावला, "साहेब, लवकर या, वहिनी तुमच्या वडिलांना बुडवतायत!" मदतीला एक जण पुढे येईल तर शपथ! मी रडत होते हो, पण पापणी सोडली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच धुतलात म्हणून डोळा वाचला." आणि सासूबाई? "पण इतक्या गार पाण्यानं? सर्दी झाली ना त्यांना!"

तरी मी गेले, दुकानं हिंडून सगळ्यात चांगला, चहूबाजूंनी बंद गॉगल आणला आणि म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी घाला." डोळे भरून आले त्यांचे! घातला, आरशात पाहिला, शेजाऱ्यांना दाखवून आले.

आज सकाळी बघते तर काय, बादली समोर, हातात कॅन, डोळे उघडे टक्क!

"बाबा, गॉगल?"

"घरी कपाटात ठेवलाय, जपून. सूनबाईनं हौसेनं दिलाय, इथं अ‍ॅसिड उडून खराब झाला म्हणजे?"

कॅन काढून घेतला हातातून, पदर खोचला, आणि नळ चालू आहे का तेवढं बघून आले.