पाडव्याची बॅटरीगाडी

तुम्हाला सांगते, क्लबानं भंगारात काढलेली गोल्फची बॅटरीगाडी मी एकटीनं घरी दुरुस्त केली. मोटर उघडून साफ केली, ट्रकच्या बॅटऱ्या बसवल्या. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाडव्याला हिच्यामागं म्हस पळवून दावा, मग मानतो."

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मालकाच्या फटफटीमागं पळतात, तिचा आवाज ओळखून. मी ऐटीत गाडी सोडली. पण बॅटरीच्या गाडीला आवाज कुठला? आमची चंद्री जागची हललीच नाही. सगळी गल्ली हसायला लागली. माझं डोकं फिरलं. मागं वळून ओरडले, "चंद्रे, रोज धार कोण काढतंय तुझी? ये की भवाने!"

चंद्री अशी उधळली की माझी गाडीच मागं पडली.

दीर म्हणाले, "मानलं, वहिनी! फकस्त गाडीला हॉर्न बसवू नगा. गरज न्हाय."