टाकी कोणी भरली

अगो, टाकी आडवी नको करू! उभीच ठेव, उभी — हां. बाँब नाही गो त्यात, स्फटिक आहेत, मिठाच्या कणाहून बारीक, नि भोवती नायट्रोजनची थंडी. बाहेर काढलेस की संपले. — बरं, नाही काढत तो शब्द. तू हिब्रूत विचार, मी मराठीतच बोलणार. बिल्ल्यावर नागावकर लिहिलंय ना? म्हणजे आमच्यासारखीच कोकणातल्या ज्यूंची तू, घरी आजी मराठी बोलतच असणार. बघ, हसलीस!

मी हाना, इथल्या रामला गावची. चौदा वर्षांची होते, तेव्हा मुंबईहून इथं आलो. तीस वर्षं झाली, एकच काम करतेय — प्रथिनाचा स्फटिक करायचा, त्याच्यावर एक्स-रे सोडायचे, आत अणू कसे बसलेत ते बघायचं. तेवढे जोरदार किरण आपल्या देशात नाहीत, म्हणून हे आत्ताचं विमान धरून फ्रान्सला जायचं. तिथं इलेक्ट्रॉन फिरवायची अवाढव्य रिंग आहे, सिंक्रोट्रॉन म्हणतात, आणि तिच्यापुढे जगभरची रांग. उद्या सकाळी आमची पाळी. चुकली की पुढच्या वर्षी, नि पुढच्या वर्षी मी पेन्शनीत. क्षयाच्या जंतूचं प्रथिन आहे गो. माझी आई क्षयानंच गेली, भायखळ्याला — जाऊ दे, हे कशाला सांगत बसले मी तुला?

काय, टाकी कोणी भरली? मी. मीच भरली. कोणी काही दिलं नाही, कोणी हात लावला नाही. — तिकडे काय बघतेस? तो नबील. माझ्याच लॅबमधला, माझ्याबरोबर चाललाय. मघापासून बूट काढून बसवलाय त्याला तुमच्या लोकांनी. तोही रामल्याचाच, आमच्या मागच्या गल्लीतला. पण अरब ना, दर खेपेला विमानतळावर त्याचं हेच होतं, आणि दर खेपेला तो म्हणतो, हाना, तू हो पुढे. आणि मी होते ना पुढे! कॉफी पीत बसते तिकडे.

स्फोटांत बसगाड्या उडतायत, तुझी ड्यूटी आहे, मला का समजत नाही? माझी भाची इनबार रोज बसनं पेताह तिक्वाला कामाला जाते, ती घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. पण हा माणूस — अगो, स्फटिक धरतच नव्हता, मी हात टेकले होते. यानं काय करावं? आईच्या मांजराच्या मिशीचा गळलेला केस आणला, जुन्या स्फटिकाच्या चुऱ्यात बुडवला, प्रथिनाच्या नव्या थेंबातून ओढला, आणि आठवड्यात हे असे स्फटिक! मी नाचले गो, या वयात. काल एकेक उचलून त्यानंच तर टाकीत —

नाही. मी भरली म्हणाले ना? तो नुसता बाजूला उभा होता. अशी बघू नकोस. खरं सांगितलं तर टाकी आत नेतील, एकेक नळी बाहेर काढतील, सगळ्याचं पाणी होईल. माझं जाऊ दे, त्याच्या मेहनतीचंही पाणी होईल ना! मग लिहून टाक, हानानं भरली. तुझं काय जातं? त्याला मराठी कळत नाही, म्हणून तर मी —

काय? तिथल्या तुझ्या साहेबांना ऐकू जायला हवं? मोठ्यानं, हिब्रूत? अगो, तो चार हातांवर बसलाय. ऐकेल तो. — बघतोय माझ्याकडे. ऐकलंन वाटतं तुझं. मान हलवतोय बघ... 'मी भरली' म्हण म्हणतोय मला. हसतोय मेला. पायात बूट नाहीत नि हसतोय!

...घे. सांगितलं हिब्रूत. टाकी नबीलनं भरली, स्फटिक नबीलनं केले, सगळं त्याचंच आहे. ऐकलं ना तुझ्या साहेबांनी? मग ने आता टाकी आत. — थांब, आधी हातमोजे घाल, बोटं जळतात त्या थंडीनं. हां. जा.