माणसाने कुठे काय तापतं?

एक होते आमचे हे, एक होते मी, आणि बेहाला नावाच्या आमच्या वस्तीत, घराच्या दारात होता एक कडुनिंब. ह्यांना तो तोडून गाडीला जागा करायची होती.

मी म्हटलं, "आधीच उन्हाळा वाढलाय. त्यात झाड तोडायचं?"

"अगं, ते सूर्याचं काम. माणसाने कुठे आभाळ तापतं?"

पुरणपोळीच्या दिवशी ह्यांना ओट्याशी बसवलं. खिडकी लावली, पंखा बंद, चारही शेगड्या पेटवल्या.

चौथ्या पोळीला हे ओरडले, "अगं, किती तापवलंस घर!"

"मी? सूर्याने तापवलं असेल हो."

ह्यांनी उठून खिडकी उघडली. समोर कडुनिंबच. झुळूक आली तसे म्हणाले, "राहू दे तो."

आता गाडी गल्लीच्या टोकाला असते, आणि आमच्या लेकाला लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली मुलगी त्याच कडुनिंबाच्या सावलीत झोपते.