उपासानं घसरलेला देश

...आणि वर ती शेजारीण अगाफिया मलाच विचारते, "फ्रोसिना, टीव्हीवर बघितलंस का गं, आपला मोल्दोव्हा तीन पायऱ्या घसरला म्हणे!" बघितलं का? अगं बाई, मीच ढकललाय त्याला! या माझ्या दोन हातांनी... हातांनी कसलं, तोंडानं! आणि तरी तुम्हाला सांगते, खोटं एक अक्षर बोलले नाही हो मी!

झालं असं, की माझा लेक सिल्व्हियू अकरा वर्षं इटलीत, बांधकामावर. दर फोनला एकच पालुपद, "आई, देश जरा स्थिर होऊ दे, मग येतो बघ." आता देश म्हणजे काय पाळणा आहे, हात लावला की थांबला? लाल झेंडा उतरला तेव्हा हा अंगावर पीत होता, आता त्याच्या दाढीत पांढरे केस आले, तरी देश आपला हलतोच आहे! मग मी काय करणार? ईस्टरआधीचे सात आठवडे कडक धरले. संत पारास्किवाला म्हटलं, माते, लेक घरी येऊ दे. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, शुक्रवारी तेलाचा थेंब नाही. आणि कुणाला सांगायचं नाही! बोलून दाखवलेला उपास आणि झाकण उघडं राहिलेलं लोणचं, दोन्ही वाया. तसं गावात आताशा धरतंय कोण? आमचे हे, निकिफोर, गोठ्याआड उभे राहून सॉसेज खातात आणि मिशा पुसत येतात, "फ्रोसिना, हवा छान पडलीय!"

तर नेमक्या सहाव्या आठवड्यात दारात एक पोरगी. शहरातली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. "मावशी, जुन्या साम्यवादी राजवटीतून सुटलेले देश किती सावरलेत ते मोजतोय आम्ही. तुमचं घर चिठ्ठीत निघालंय." चिठ्ठीत! जन्मात कधी जत्रेतली कोंबडी लागली नाही मला, आणि हे लागलं!

"गेल्या तीस दिवसांत मांस किती वेळा खाल्लं?" "एकदाही नाही, बाळ." "दूध, चीज?" "नाही." "अंडी तरी?" आता मागं अंगणात बावीस कोंबड्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतायत, आणि मी म्हणते, "अंडंसुद्धा नाही." पोरीचे डोळे भरले हो! माझ्या जिभेवर आलं होतं, अगं वेडे, उपास आहे माझा... पण व्रत! गिळलं. "सरकारवर भरवसा?" "भरवसा एका देवावर." तिनं बोट टेकवलं. "राज्य बदलावं असं वाटतं?" म्हटलं, "त्यासाठी तर रोज गुडघे टेकते, 'तुझं राज्य येवो' म्हणून!" ती दचकली. "कुणाचं राज्य, मावशी?" मी बोट वर केलं. तिनं वर बघितलं. माळ्यावर कुणी दडवून ठेवलंय असं वाटलं की काय कोण जाणे, चांगल्या चार ओळी लिहिल्या तिनं! जाताना म्हणते कशी, "मावशी, तुमचं एक घर म्हणजे आमच्याकडे दोन हजार घरं." म्हणजे मी एक गप्प बसले आणि दोन हजार चुली विझल्या! खोटं एक अक्षर बोलले नाही हो मी, पण बघा...

जुलैत त्या मोजणीची यादी टीव्हीवर आली. तीन पायऱ्या! खेड्यातली म्हातारी माणसं महिना महिना कोरडं खातात, लोकांना राज्य उलथवायचंय... आणि सिल्व्हियूचा फोनच बंद. संपलं! ज्याच्यासाठी व्रत धरलं, त्याचीच वाट मी अडवली. धावत फादर हारालांपियेंकडे गेले. "खोटं बोललीस?" "नाही, फादर." "मग पाप कसलं?" "फादर, देश पडला!" ते दाढीत हसले नि म्हणाले, "मग ऑगस्टमधले मेरीमातेच्या उपासाचे दोन आठवडेही धर. देशासाठी."

धरले. चौथ्या दिवशी फाटक वाजलं. दारात सिल्व्हियू! दोन बॅगा, त्यांत नुसतं हॅम आणि चीज. "आई, बातम्यांत ऐकलं मी! उपाशी मरत होतीस आणि फोनवर 'छान आहे' म्हणत होतीस? म्हणून फोनच बंद केला नि सुट्टी मिळताच निघालो. देश जाऊ दे खड्ड्यात. तू चार घास नीट खायला लागेपर्यंत मी इथून हलत नाही!"

काय सांगू तुम्हाला... रडले. हसले. आणि खाल्लं मात्र काही नाही, उपास ना!

आणि काल, ऑगस्टचा उपास संपता संपता, तीच पोरगी पुन्हा दारात. "मावशी, फेरमोजणी. गेल्या तीस दिवसांत..." आता सगळे तीस काही उपासाचे नव्हते हो, पण उरलेल्या दिवसांत काळजीनं घास कुठं उतरत होता? मागं टेबलावर हॅम कापून ठेवलेलं, सिल्व्हियू सुरी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघतोय. आता खाते म्हटलं तर देश वर चढतो आणि हा उद्याची बस पकडतो! मी मान खाली घातली. "नाही गं बाळ. एकदाही नाही."

खोटं एक अक्षर बोलले नाही हो मी! पण रात्रंदिवस टोचतं... दोन हजार घरं उपाशी ठरतात माझ्यापायी. आणि आता नाताळआधीचे चाळीस दिवस येतीलच. देशाला म्हटलं, बाबा रे, तोवर जरा कठडा धरून उभा राहा!