तांब्यावर बोलू नये

—नाही, नाही, उघडलंस ते उघडलंस, आता तोंड मीट. रागावू नकोस पोरी, पण या दुकानात एकच कायदा आहे — तांब्याचं नाणं पाकिटाबाहेर असेपर्यंत समोरच्यानं बोलायचं नाही. मान हलव, नाक मुरड, शब्द नको. का? अगं, थुंकी! माणूस बोलतो तेव्हा शिंतोडे उडतात, दिसत नाहीत पण उडतात — आज काही नाही, उद्या काही नाही, आणि दोन-तीन वर्षांनी बाईच्या गालावर काळा ठिपका. नाण्यावरच्या बाईच्या, तुझ्या नव्हे. चांदी सोसते, सोनं तर काहीच मनाला लावून घेत नाही, पण तांबं सगळं लक्षात ठेवतं. तुझ्या बापासारखं.

तर तू वेंडेल टॉलेफसनची इंग्रिड. दारातच ओळखलं, हनुवटी त्याचीच. एवढीशी होतीस तेव्हा गोठलेल्या तळ्यावरच्या आमच्या मासेमारीच्या खोपटात माझं सूप लवंडलं होतंस — बोलू नकोस, मान हलव. बरं. आणि बापानंच पाठवलं? लेस्टर क्रूगरकडेच जा म्हणाला? सोळा वर्षं मला बघून रस्ता ओलांडणारा माणूस! खुब्याचं हाड मोडून वृद्धाश्रमात गेला, ऐकलं मी. जाणार होतो भेटायला, पण दुकान सोडून — छे, खोटं कशाला, या आठवड्यात दुकानात आलेली तू पहिलीच. चिठ्ठी दिलीय? आण. ‘हे डाग कशाचे ते लेस्टरनं सांगावं. तो सांगेल ते मी मानीन.’ बघ! म्हातारा खुब्यातून मोडला, पण डोक्यातून नाही. म्हणजे आता मी न्यायाधीश. की आरोपी?

ऐक, डाग कशानंही पडतात. लोक काय काय करतात तांब्याचं, विचारू नकोस — गेल्या महिन्यात एकजण आला, आजीची सगळी सेंटची नाणी सॉसेजवरच्या केचपनं घासून लखलखीत करून! गुलाबी झाली होती गं, सोललेल्या कोळंबीसारखी. दुसऱ्यानं मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवली, त्यांना हिरवा चिकट शेंबूड आला. तिसऱ्यानं रबरबँड लावला, तर नाण्यावर काळा पट्टा. अगं, सोपं असतं — कडेनं धरायचं, पोटावर बोट नाही, कडक प्लास्टिकची डबी, कोरडी जागा, आणि घासायचं म्हणून नाही. तुझा बाप ठेवायचा कुठे? तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, कागदी पाकिटात! मी नाणेक्लबच्या पत्रिकेत तीन पानं लिहिली होती — ‘दमट तळघरं आणि हट्टी माणसं’. त्याचं नाव नव्हतं घातलं. तळघराचा फोटो तेवढा घातला होता.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. शुक्रवारचे पत्ते बंद, मासेमारी बंद. खोपटात एकटा बसून बघितलंयस कधी? मासाही लागत नाही, त्यालासुद्धा कंटाळा येतो. आठवण येते त्याची मला, झालं? सांगू नकोस त्याला.

दिवा ओढ इकडे. भिंग... हं. १८५७. काय लाल आहे अजून! काटा बघू आधी — स्वच्छ. एक ठिपका नाही. आता छापा. एक, दोन, चार... सात. हनुवटीपाशी मोठे, वर केसांकडे बारीक बारीक, पंख्यासारखे पसरलेले. आता दमटपणा असता तर तो दोन्ही बाजूंना — म्हणजे तळघर काही एकच बाजू निवडून — हं. होतं असं कधीकधी. योगायोग असतो.

पाकीट दे, तारीख असेल. त्याचं अक्षर बघ, मुंग्यांची रांग. ‘आजोबांकडून. लालभडक.’ आणि खाली — ‘डाग: लेस्टर. अस्वलाचा विनोद.’ घ्या! चर्चच्या तळघरातली क्लबची बैठक, तांबं हातोहात फिरत होतं, माझ्याकडे आलं तेव्हा मी विनोद सांगत होतो, कबूल. पण त्यात उडण्यासारखं काय आहे? तूच बघ, असं धरलं होतं मी, असं, तोंडासमोर — पाद्रीबाबा पायजमा पकडून पळतायत, पाठीमागे अस्वल, आणि अस्वल प्रार्थना करतं, ‘प्रभो, पाव पाठवलास, पण बटर कुठे—’

...

थांब. हलवू नकोस दिवा.

हा ठिपका ओला आहे.

कानाच्या खाली. हा मघाशी नव्हता. हा आत्ताचा — तुझा नव्हे, तू तर बिचारी तोंडावर हात धरून बसलीयस. कापसाची काडी दे. पुसायचं नसतं, नुसतं टिपायचं... असं. टिपलं. तरी दोन वर्षांनी कळेल.

सोळा वर्षं, इंग्रिड. तीन पानं लिहिली मी. आणि मला माहीत होतं गं. त्या बैठकीतच माहीत होतं — त्यानं नाणं टिपायला रुमाल काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मी हसत राहिलो, कारण सगळे हसत होते.

पेन्सिल दे ती. इथे, त्याच्या ओळीखाली. आजची तारीख. ‘पुन्हा: लेस्टर.’ आणि सही. सरकव आत. कागदी पाकीटच राहू दे, त्याचा काही गुन्हा नव्हता. कोट कुठे गेला माझा? दाराची पाटी उलटी कर, गाडी तू चालव, आणि हे नाणं त्याच्या हातात मी देणार.

अशी काय बघतेस? नाणं आत गेलं, आता बोल तू. मी ऐकतो. कसा आहे तो?