बाबांच्या पेटीतला अंक

कुठं बोलू नका, पण यंदा भीमजयंतीले मी अख्ख्या विहाराले फसवलं. नागपूरच्या पेपरच्या जयंती विशेषांकातला लेख तिथं दरवर्षी माझे बाबा वाचतात. यंदा त्यांचा आवाज बसला, म्हणून मले वाचाले सांगितलं. अंक घ्याले बूढापारा मोहल्ल्यात गेलो, तं तिथला हिंदी पेपरवाला म्हणे, "भैया, नागपूरवाला अंक अब छपता ही नहीं."

इकडे लोक येऊन बसलेले. मी बाबांच्या पेटीतला जुना अंक काढला, तारीख आत दुमडली आनं वाचाले उभा झालो. समोर शेजारच्या कमलामावशी एकटक पाहून राहिल्या होत्या.

वाचन संपल्यावर त्यांनी मले बाजूले नेलं.

"जुना वाचला ना?"

"हव. बाबांना नका सांगू, मावशी."

"त्याले काय सांगू? तीन वर्षांपासून तोबी हाच वाचून राहिला."